बदली बाईंची प्राणिसंग्रहालय पेटी: अंडं पायावर टिकलं!

मंडळी, सिंहानंतर काय, म्हणजे प्राण्यांच्या चाली करताना सिंहाच्या गर्जनेनं उधळलेला वर्ग परत शांत कसा करायचा, हा प्रश्न सुटला. मागच्या नोंदी वाचलेल्यांना मी एवढी का खूश आहे ते लगेच कळेल. नव्यांसाठी थोडक्यात: ही पेटी वर्गाच्या नेहमीच्या बाई रजेवर असतील त्या दिवसासाठी आहे. बदली बाईंनी झाकण उघडायचं, सगळ्यात वरचं पान वाचायचं आणि चार ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयाचा तास सुरू करायचा. मुलांची नावं माहीत नाहीत, कात्र्या कुठल्या कप्प्यात आहेत ते माहीत नाही, कोण रडवेलं होतं आणि कोण दाराकडे धावतं तेही माहीत नाही. तरी तास चालला पाहिजे.

पेटीतले बाकीचे खेळ एव्हाना रुळलेत. झेब्र्याचे पट्टे तर हमखास चालतात, कारण कुठल्याही दोन झेब्र्यांचे पट्टे सारखे नसतात. त्यामुळे कोणाचाच झेब्रा चुकत नाही आणि ‘माझं बघा, माझं बघा’ म्हणत बाईंच्या टेबलाशी गर्दी होत नाही. अडत होतं ते प्राण्यांच्या चालीपाशी. हत्तीची सोंड झाली, कांगारूच्या उड्या झाल्या, सिंह आला की गर्जना सुरू. खऱ्या सिंहाची गर्जना आठ किलोमीटरवर ऐकू जाऊ शकते, हे कार्डावर मीच हौसेनं लिहिलंय आणि मुलं ते अगदी मनावर घेतात. त्यानंतर वर्ग परत चटईवर आणायचा कसा? नेहमीच्या बाईंना टाळ्यांचा ठेका पुरतो, कारण त्यामागे कित्येक महिन्यांची सवय असते. परक्या बाईंच्या टाळीला ते वजन नसतं. आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे मला पेटीतल्या एकाही कार्डावर नको होतं.

आधी आवाजाची उतरण करून पाहिली. सिंहाची गर्जना, मग चित्त्याची घुरघुर (चित्त्याला गर्जना करताच येत नाही, तो मांजरासारखा घुरघुरतो), मग जवळजवळ मुका जिराफ. कागदावर झकास. वर्गात तोंडं गप्प झाली, पण पाय थांबले नाहीत, आणि जिराफ संपता संपता कोपऱ्यातून पुन्हा सिंह! मग फ्लेमिंगो घेतला, एका पायावर उभं राहायचं. या वयात एका पायावर काही सेकंदच तोल राहतो. एक पडला की शेजारचे मुद्दाम पडतात आणि सगळा थवा जमिनीवर. स्लॉथनं थोडी आशा दाखवली. सगळ्यात हळू कोण, ही चढाओढ मुलांना फार आवडली, पण शेवटी सगळी आडवी झाली आणि उठवता उठवता बाई दमल्या. शिवाय स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदाच शी करायला झाडावरून उतरतो, हे कार्डावर होतं. त्या वाक्यानंतर तास संपल्यातच जमा. वाक्य खरं आहे, माझं लाडकंही आहे, पण बदली बाईंच्या कार्डावरून ते काढलं.

मग एम्परर पेंग्विन. हा पक्षी घरटं बांधत नाही. मादी अंडं घालते, नराकडे सोपवते आणि समुद्रावर खायला जाते. नर ते अंडं पायांवर घेऊन, वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरून, दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशी सांभाळतो. खेळ इतकाच: अंडं पायांवर ठेवून बर्फावरून घरी, म्हणजे चटईपर्यंत चालायचं. धावणं शक्यच नाही. नजर आपोआप खाली जाते, पाय फरशीवरून सरकायला लागतात आणि बोलणारं मूल गप्प होतं, कारण त्याचं सगळं लक्ष अंगठ्यांवर असतं. बाईंनी काहीही न सांगता!

खरा छळ अंड्यानं केला. चेंडू घरंगळतो. गुंडाळलेला मोजा इतका हलका की पडला तरी पत्ता लागत नाही. पुठ्ठ्याचं अंडं पडलं की टणकन वाजतं, आणि मग वाजवण्यासाठीच पाडलं जातं. अस्सल अंडं सुमारे 450 ग्रॅमचं असतं, म्हणून हौसेनं तेवढ्या वजनाची पिशवी शिवली. चिमुकल्या पावलांना ती झेपेना. शेवटी उत्तर निघालं ते पिशवी अर्धीच भरण्यात. गच्च भरलेली पिशवी पायावर नुसती बसते आणि पहिल्याच पावलाला घसरते. अर्धी भरलेली मात्र दोन्ही पावलांच्या मधल्या खळगीत उतरते, तिचे दोन्ही कडांचे भाग बाहेरच्या बाजूंना ओघळतात आणि ती पायांना धरून राहते. वजन 150 ग्रॅमच्या आसपास ठेवलंय. ही पिशवी पहिल्यांदा न पडता चटईपर्यंत पोचली तेव्हा मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

कापड सुती आणि जरा खरखरीत घ्या. सॅटिनला हात लावू नका, सरकतं. फेल्ट दिसतं गोड, पण ऑनलाइन मागवलेलं पातळ फेल्ट धुतल्यावर गोळे धरतं आणि ही पिशवी धुवावीच लागणार. आत वाळू नको, शिवणीतून झिरपते. मी प्लास्टिकचे दाणे आतल्या वेगळ्या पिशवीत भरून तोंड दुहेरी शिवलंय. दाणे बाहेर आले तर ते कोणाच्या तरी तोंडात जाणार, त्यामुळे इथे ग्लू गनवर भिस्त ठेवायची नाही. दोरा आणि बारीक टाका, बस्स.

अंडं पडलं तर बाद नाही. उचलायचं, पंख झाडायचे, पुढे निघायचं. बाद झालेली मुलं सांभाळायला बदली बाईंकडे तिसरा हात नसतो.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. पेंग्विनची अंड्याची देवाणघेवाण घाईची असते, बर्फावर अंडं फार वेळ राहिलं तर गोठतं. मग चटईवर गोल बसल्यावर हीच देवाणघेवाण का नको? देणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं आणि घेणाऱ्याचं नाव घेऊन अंडं सोपवायचं. दोन फेऱ्या झाल्या की बाईंच्या कानावरून प्रत्येक नाव निदान चारदा जातं. म्हणजे गळ्यात अडकवायचे ते प्राण्यांचे बिल्ले, ज्यांच्या दोऱ्या मुलं चघळतात आणि ज्यांची अदलाबदल करून बाईंना चकवतात, ते रद्द! अर्धे कापून झालेत, पण त्यांची आता जोडीची कार्डं करते. कडा आधीच गोल आहेत.

आणखी एक. ‘आमच्या बाई कधी येणार?’ हे कोणीतरी विचारतंच, आणि बहुधा विचारणाऱ्याचे डोळे भरलेले असतात. आतापर्यंत वरच्या पानावर मी त्यासाठी कोरडं वाक्य दिलं होतं. आता पेंग्विनच्या कार्डावरच लिहीन: आई समुद्रावर गेली आहे, पिल्लू अंड्यातून बाहेर यायच्या सुमाराला ती परतते, तोवर अंडं दुसऱ्याच्या पायांवर ऊबेत असतं. बाईंनी एवढंच सांगावं. मूल स्वतःच जोडून घेतं.

वरच्या पानाचं काम फारसं पुढे गेलेलं नाही. अक्षरं मोठी केली आणि बोलायची वाक्यं जशीच्या तशी घातली, कारण वर्गात उभं राहून सूचनेचं वाक्य करायला कोणालाच वेळ नसतो. लॅमिनेशनसाठी आता 125 मायक्रॉनचे पाउचच घेते. 80 चे स्वस्त पडतात, पण मुलांच्या हातात त्यांचे कोपरे दुमडतात आणि कार्ड उकलायला लागतं. चकचकीतपेक्षा मॅट घ्या, खिडकीशी बसलेल्याला चित्र तरी दिसतं.

जिराफाची उंचीपट्टी मात्र भिंतीवरून उतरवतेय. मोठा नर साडेपाच मीटरपर्यंत जातो, तो कुठल्याच वर्गात उभा मावत नाही. म्हणून तो वर्गाबाहेरच्या व्हरांड्याच्या फरशीवर आडवा येणार आणि मुलं त्याच्या शेजारी झोपून मोजणार. भिंतीवर फक्त नवजात पिल्लू, सुमारे 1.8 मीटरचं, म्हणजे बहुतेक बाईंहून उंच! फरशीवर चिकटपट्टी लावली तर डिंकाचे डाग राहतात, म्हणून जाड कापडाची गुंडाळता येणारी पट्टी करायचा विचार आहे. कापडावर ठिपके रंगवावेत की कापून शिवावेत, ते ठरत नाहीये. पायाखालच्या पट्टीवर कोणाचा रंग टिकला असेल तर कुठला वापरलात ते सांगा, म्हणजे तोच आणते.