लाल लोकरीच्या अलीकडे

नागपुरात आमच्या कॉलेजात त्या दिवशी संरक्षणशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. कन्हानच्या वाळूचं आठ बाय सहा फुटांचं सँड मॉडेल, आणि डोंगरांच्या मधून टाचण्यांवर ताणलेली लाल लोकर म्हणजे नियंत्रण रेषा. सैन्याच्या एका कंपनीने, म्हणजे शंभरेक जवानांच्या तुकडीने, लोकरीच्या अलीकडचं एकच शिखर परत घ्यायचं होतं.

पहिल्या गटाच्या मुलाने आदेश खणखणीत वाचला. परिस्थिती, मिशन, अंमलबजावणी, रसद, कमांड आणि सिग्नल. मिशन रीतसर दोनदा वाचलं. पण त्याला शेपूट होतं, "...आणि पाठलाग करून पलीकडचा डेपो उद्ध्वस्त करणे."

कामठीहून परीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी फूटपट्टी पुढे केली. "बेटा, मोजून दाखव."

नकाशा १:५०,०००. पायथा ते शिखर ४ सेंटिमीटर, म्हणजे २ किलोमीटर. मध्ये २० मीटरच्या ३० समोच्च रेषा, ६०० मीटर चढ. रात्री ८ ला निघालेली कंपनी लढत लढत पहाटे वर पोचली तरी पुष्कळ. डेपो तिथून आणखी ५ सेंटिमीटर. ८१ मिमी मॉर्टर, म्हणजे उखळी तोफा, पायथ्याच्या दीड किलोमीटर मागे. तिथून शिखर साडेतीन किलोमीटर, डेपो सहा, आणि पल्ला जेमतेम पाचचा. म्हणजे दिवसाउजेडी, उघड्या उतारावर, डोक्यावर मॉर्टरच्या माऱ्याचं छत्र नाही. राखीव तुकडी मैदानातून आणू म्हटलं, तर ९,००० फुटांपासून वर तीन टप्प्यांत ६, ४ आणि ४ असे १४ दिवस विरळ हवेची सवय होण्यातच जातात.

"पण सर, रेषा पाळायची म्हणजे हात बांधून लढणं झालं."

खरंच आहे ते, आणि कुणी हलक्यात घेऊ नये. १९९९ मध्ये कारगिल युद्धात रेषा ओलांडायची नव्हती, म्हणून तोलोलिंग शिखराचे उभे चढ जवानांना समोरून चढावे लागले. त्याचं मोल त्यांनी प्राणांनी दिलं. मात्र घ्यायचं काय ते ठरलेलं होतं, त्यामुळे तोफांचा मारा त्या मोजक्या शिखरांवर एकवटता आला. कोरियात सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने दक्षिण कोरियाची राजधानी सोल परत मिळवली होती. तरी ते सैन्य दोन्ही कोरियांमधली ३८ अक्षांशाची रेषा ओलांडून चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकडे निघालं, चीन युद्धात उतरला, आणि १९५३ मध्ये युद्धविराम झाला तो जवळपास जुन्याच रेषेवर. मधली माणसं गेली ती गेलीच.

मुलाने मिशन खोडून पुन्हा लिहिलं, "पहाटे ५ पर्यंत शिखर काबीज करून राखणे. लोकरीपलीकडे गस्तसुद्धा नाही."

"आणि प्रतिहल्ला आला तर?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

त्याने तिसऱ्या प्लाटूनची, म्हणजे कंपनीतल्या तिसऱ्या तुकडीची, टाचणी उपसली आणि शिखराच्या मागच्या उतारावर, वाळूत खोल रोवली.