को जागर्ति

पहाटेचे ३ वाजून १० मिनिटं. ओट्याजवळच्या स्टुलावर बसून लिहितेय. मोठा दिवा लावलेला नाही, देवाजवळचा झिरोचा बल्ब पुरतो.

काल कोजागरी. सोसायटीच्या गच्चीवर गेले, एक कप मसाला दूध प्यायले आणि साडेनऊच्या गोळीसाठी खाली निघाले. जिन्यापाशी एक काकू म्हणाल्या, "आज कुणी झोपतं का गं? लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागं आहे म्हणून." मी हसून सटकले. वर एकपर्यंत अंताक्षरी चालली असेल. मला साडेअकराला डोळा लागला आणि अडीचला टक्क जाग. आता वरचे सगळे घोरताहेत, आणि लक्ष्मी आलीच तर तिला मी एकटीच भेटणार.

अंग मोडून आलंय, डोळे चुरचुरताहेत, जांभयांवर जांभया. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण माझी झोप दोन तऱ्हांनी जाते. एक ही आजची. झोप हवीय, येत नाही. दुसऱ्या तऱ्हेत झोप नकोच असते. तीन तास पाठ टेकली तरी सकाळी मी टवटवीत, डोक्यात दहा बेत, जीभ सुसाट. आजच्यासारख्या रात्री छळतात, पण भीती मला त्या दुसरीची वाटते. ती आवडते ना.

२०१९ च्या दिवाळीआधी ती आली होती. रात्री दोनला माळ्यावरची पितळी भांडी खाली काढून चिंच-मीठ लावून घासत बसले होते. सासूबाई उठून आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "काय उरक आहे गं तुझा!" चार रात्री तो उरक टिकला. पाचव्या दिवशी मजल्यावरच्या प्रत्येक बाईसाठी साडी घेऊन आले, नवऱ्याच्या कार्डावर. मग हॉस्पिटल, आणि त्यानंतर जानेवारी उलटेपर्यंत डोक्यावरून पांघरूण.

झोप कमी होणं हे मॅनिया, म्हणजे ही बेफाम उत्साहाची आजारी अवस्था, चढत असल्याचं लक्षण असतं आणि जागरणानेच तो चढूही शकतो, हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. म्हणून फ्रीजशेजारच्या कालनिर्णयात रोजच्या चौकोनात, दुधाच्या खाड्यांच्या बाजूला, मी पेन्सिलीने झोपेचे तास लिहिते. सलग दोन रात्री पाचाच्या खाली आकडा आणि तरी दिवसा थकवा नाही, असं झालं की नवऱ्याने डॉक्टरांना फोन करायचा. मला न विचारता. या 'न विचारता'वरून मी खूप भांडले होते. तो एवढंच म्हणाला, "तेव्हा तू हो म्हणशील का?"

बाकीचे नियम कंटाळवाणे आहेत. दुपारी तीननंतर चहा नाही. फोन रात्रभर हॉलमध्ये. रात्र कशीही जावो, सहाला उठायचंच. झोप येत नसेल तर गादीवर तळमळत पडायचं नाही, उठून मंद उजेडात काहीतरी नीरस करायचं. मी मटकी निवडते. आज निवडून झाली म्हणून वही घेतली, पण एकच पान. पान उलटलं की मला माझाच संशय येतो.

मन ताळ्यावर ठेवणारं लिथियम हे औषध चालू असल्याने उपासही बदलले. लिथियम स्वतःच एक क्षार. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंडं त्याला धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी वाढते. त्यामुळे निर्जळी बंद. आता एकादशीला सासूबाईच तांब्या पुढे करतात. पातळी तपासायला रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सोबत मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनीन आणि थायरॉइड. लॅबमधला मुलगा दर वेळी विचारतो, "फास्टिंग का?" आणि मी दर वेळी समजावते. हात थोडा थरथरतो, अक्षर म्हणून असं.

दार वाजलं. नवरा. डोळे अर्धे मिटलेले.

"कुठली?"

"पहिली."

त्याने माठातलं पाणी घेतलं, निवडलेल्या मटकीकडे पाहिलं, आणि "सहाला उठवतो" म्हणून आत गेला.

पान संपत आलंय. चौकोनात ३ लिहिला. बाजूला बारीक अक्षरात 'थकवा आहे'.