तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या गाडीचं जॉबकार्ड

कराडला शाळेच्या स्टाफरूममध्ये असो नाहीतर साताऱ्यात भाजी घेताना, मला सारखा एकच प्रश्न येतो. "मॅडम, तुमची गाडी कंपनीनं बदलून दिली म्हणे. कसं जमवलंत?" विचारणाऱ्याच्या दारात बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षाची गाडी उभी असते. चार वेळा वर्कशॉपला जाऊन आलेली, आणि दिवा परत लागलेला. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

गाडी बदलून मिळाली नाही. हे आधीच सांगते, कारण या आशेवर लोक महिने घालवतात. गाडी तीच आहे. आतला बिघाड मात्र सापडला, आणि तो सापडायला नऊ महिने आणि वर्कशॉपच्या सहा खेपा लागल्या. पहिल्या खेपेला हातात दिलेला कागद, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम लिहिलेलं जॉबकार्ड, मी नीट वाचला असता, तर यातल्या निम्म्या खेपा वाचल्या असत्या असं मला आज वाटतं.

२०२२ च्या दसऱ्याला गाडी घेतली. साडेअकरा लाख, पाच वर्षांचं कर्ज. रोज सातारा ते कराड, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, म्हणून डिझेल. शोरूममधून थेट खिंडीतल्या गणपतीला नेली, नारळ फोडला. चार महिने गाडी सुंदर चालली. फेब्रुवारीत एका सकाळी उंब्रज मागे पडलं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी ओढेना. शाळेत पोचून बंद केली तरी पंखा घरघरत राहिला आणि बॉनेटखालून जळका वास यायला लागला.

थोडं यंत्राचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाचा एक फिल्टर असतो. कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी त्यात साठते. ठरावीक काजळी साठली की इंजिन जादा डिझेल सोडतं, धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात सलग चालावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ते जमत नाही आणि फिल्टर तुंबतो.

तेव्हा वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी मला जे ऐकवलं गेलं ते खोटं नव्हतं, फक्त माझ्या गाडीला लागू नव्हतं. "मॅडम, गाडी हायवेला चालवा. गावात फिरवली की असं होतंच." मी म्हटलं, "दादा, मी रोज हायवेलाच असते." त्यावर उत्तर आलं, "साहेब येतील का? त्यांच्याशी बोललो असतो." माझ्या नवऱ्यानं ती गाडी तोवर दहा वेळाही चालवली नव्हती. शेंद्र्यापासून पुढे सहापदरीकरणाचं काम चालू होतं, डायव्हर्शनला वेग पडायचा, हे मलाही मान्य. पण नागठाणे, अतीत, काशीळ या पट्ट्यात पंधरा-वीस मिनिटं सत्तरच्या वेगानं गाडी जात होती. हे मला माहीत होतं, कारण स्टिअरिंगवर मी होते.

त्यांनी मशीन जोडून काजळी जाळली, गाडी धुऊन दिली. तीन आठवड्यांनी दिवा परत. दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट केलं. तिसऱ्या खेपेला एक सेन्सर बदलला. दर खेपेला गाडी दोन-तीन दिवस तिथे आणि मी एसटीनं कराडला. दर खेपेला बाहेर पडताना एक विनंती ठरलेली : "मॅडम, कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कापतात." काउंटरवरचा हा पोरगा कोरेगावकडचा, नुकता लागलेला, वागायला अतिशय चांगला. मी तिन्ही वेळा दहा दिले. तुम्हीही देत असाल. त्या दहाचं पुढे काय झालं ते सांगते.

जूनमध्ये माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना नाना म्हणतो, अंगणात गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. नानांनी सातारच्या एसटी आगारात मेकॅनिक म्हणून एकतीस वर्षं काढली. डीपीएफ त्यांनी कधी हाताळलेला नाही आणि "मला त्यातलं कळत नाही" असं ते सरळ सांगतात. त्यांनी ऑइलची पट्टी ओढून काढली, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसली, परत घातली, काढली आणि उजेडात धरली. पट्टीवर खाली-वर दोन खुणा असतात. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर होतं. नानांनी पट्टी नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी धरली. डिझेलचा वास. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ. "इंजिनात ऑइल कमी होत असतंय," नाना म्हणाले. "वाढत नसतंय कधी. वाढलंय म्हणजे त्यात कायतरी येऊन मिसळतंय."

ते अगदी बरोबर होतं. रिजनरेशन वारंवार सुरू होऊन अर्धवट तुटलं की जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून, पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की वंगण राहत नाही आणि इंजिनच झिजायला लागतं. म्हणजे दिवा ही माझी खरी तक्रार नव्हतीच. इतकी काजळी तयार का होते आहे, हा प्रश्न होता आणि तो तीन खेपांत कोणीच विचारला नव्हता.

चौथ्या खेपेला मी ऑइलचं सांगितलं. त्यांनी ऑइल बदललं आणि बिल माझ्या हातात दिलं, कारण ऑइल वॉरंटीत येत नाही. मी ते मुकाट्यानं भरलं. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी होतं. पैशांपेक्षा, आपण सांगतोय ते समोरच्याच्या कानात शिरतच नाही, याचं.

त्याच आठवड्यात यादोगोपाळ पेठेत राहणाऱ्या एका काकांकडे गेले. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्या चळवळीचं काम हे काका तरुणपणापासून करत आलेत. मी भडाभडा बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "जॉबकार्डं आणलीत का?" चारही कागद त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले, चष्मा पुसला आणि एकेक वाचला. मग माझ्याकडे सरकवले. "ताई, या कागदांवर तुमच्या गाडीला काही झालेलंच नाही."

मी पहिल्यांदाच नीट वाचलं. पहिल्या कार्डावर तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप, वॉशिंग'. दुसऱ्यावर 'सॉफ्टवेअर अपडेट'. तिसऱ्यावर सेन्सरचं नाव आणि पुढे 'कस्टमर रिक्वेस्ट', जणू मी हौसेनं बदलून मागितला होता. चौथ्यावर 'ऑइल चेंज'. दिवा नाही, ओढत नाही हे नाही, ऑइल वाढलं हे नाही. आणि चारही कार्डांच्या तळाशी, 'काम समाधानकारक' या ओळीखाली माझी सही. गाडी चालवून बघायच्या आधी, काउंटरवर घाईत केलेली.

म्हणून जो भेटेल त्याला मी वकिलाचं नाव सांगायच्या आधी हे विचारते : तुमच्या जॉबकार्डावर काय लिहिलंय? तुम्ही तोंडानं सांगितलेलं काउंटरपाशीच विरून जातं. कंपनीकडे पोचतो तो कागद. तिथला माणूस तुमची गाडी बघत नाही, तो रकाना बघतो. एकच बिघाड चार वेळा झाला आणि चार वेगळ्या नावांनी लिहिला गेला, तर कंपनीच्या लेखी ती चार किरकोळ कामं असतात.

पाचव्या खेपेला मी तक्रार माझ्या शब्दांत लिहायला सांगितली. "सिस्टीममध्ये मराठी टाइप होत नाही, मॅडम." मग मी छापील प्रतीवर पेनानं लिहिलं : 'तारीख, किलोमीटर. पिवळा दिवा पाचव्यांदा. गाडी ओढत नाही. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर, डिझेलचा वास. आधीच्या चार दुरुस्त्यांनंतर तीच तक्रार.' त्याखाली काउंटरवरच्या पोराची सही आणि शिक्का घेतला, तिथेच फोटो काढला. पोरगा गोंधळला, पण सही केली. गाडी परत घेताना समाधानाच्या ओळीखाली लिहिलं, 'चालवून पाहिल्यावर कळवीन.' आणि त्या दिवसापासून शाळेच्या टाचणवहीसारखी एक वही गाडीत ठेवली. रोज कुठून कुठे, किती वेगानं किती मिनिटं, दिवा कुठे लागला. रविवारी ऑइलच्या पट्टीचा फोटो. पट्टी आणि किलोमीटरचा आकडा, दोन्ही.

मशीन लावून काजळी जाळलेला फिल्टर या वेळी अकराव्या दिवशी परत तुंबला. मग डीलर आणि कंपनी, दोघांना पत्र पाठवलं. ईमेलनं आणि पोस्टानंही, पोचपावती जोडून. दोघांना का, तर गाडी विकतो आणि दुरुस्त करतो डीलर, पण वॉरंटी कंपनीची असते. एकालाच लिहिलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. डीलरकडून उत्तर आलं की ग्राहकाने आधीच्या तीन दुरुस्त्यांना दहापैकी दहा गुण दिलेले असून ग्राहक पूर्ण समाधानी आहे. ते वाचताना माझे हात कापत होते. त्या पोरावर मी आजही रागावू शकत नाही. पण आता कोणी दहा मागितले तर मी स्पष्ट सांगते की तुझ्या वागण्याला दहा, दुरुस्तीला शून्य, आणि फोनवरही तेच सांगते.

कायद्याचं तुम्ही विचारताच, तर मला जेवढं वापरावं लागलं तेवढं सांगते. नव्या गाडीत अमुक वेळा तोच दोष आला की ती बदलून द्यावीच, असे कायदे अमेरिकेतल्या राज्यांत आहेत, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात वॉरंटीच्या शर्तींवर बोट ठेवून सांगितलं की कंपनीचं बंधन सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं आहे, आणि अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकवला नाही. गाडीत मुळातच उत्पादनदोष आहे हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण ते सहसा तज्ज्ञाच्या अहवालानंच सिद्ध होतं. वस्तूची तपासणी केल्याशिवाय दोष ठरत नसेल, तर ती तपासून घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. तशी मागणी आपण करू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

गाडीसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांच्या आत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, म्हणजे साताऱ्याच्या माणसाला कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. दहा ते वीस लाखांच्या खरेदीला फी चारशे रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणत म्हणत लोकांची ती निघून जाते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर आधी तक्रार नोंदवता येते, मी नोंदवली होती. गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर 'ग्राहक' कोण यावरून वाद निघतो, मात्र पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्यानं वगळलेलं नाही.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. काकांनी नोटिशीचा मसुदा करून दिला. सोबत पाचवं जॉबकार्ड, वहीच्या पानांच्या प्रती आणि पट्टीचे नऊ फोटो जोडले. पंधरा दिवसांत पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं वही चाळली आणि मला विचारलं, "हे रोज लिहिलंत?" मग गाडीत बसून म्हणाला, "चला, कराडला जाऊन येऊ." नऊ महिन्यांत पहिल्यांदा वर्कशॉपच्या बाजूचा कोणीतरी माणूस माझ्याबरोबर त्या रस्त्यावर आला होता. परत आल्यावर त्यानं चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, काढायला लावले. चाचणीत तिसरा इंजेक्टर गळत होता. डिझेलचा फवारा न उडता थेंब सुटायचे, ते नीट जळायचे नाहीत, काजळी व्हायची, फिल्टर तुंबायचा, आणि पुढचं सगळं तुम्हाला आता माहीत आहे. असं डिझेल थेट ऑइलमध्येही उतरतं, हेही त्यानंच सांगितलं.

चारही इंजेक्टर बदलले, फिल्टर नवा बसवला, ऑइलचे पैसे परत आले. एवढ्यावर न थांबता मी पत्र मागितलं : या भागांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवल्याचं, कंपनीच्या लेटरहेडवर. तोंडी 'आम्ही आहोत ना मॅडम' मला पुरेसं नव्हतं. पत्र यायला आणखी महिना गेला, पण आलं.

जॉबकार्डांची ती फाईल अजून कपाटात आहे, कोणाला बघायची असेल तर या. गाडी रोज कराडला जाते. रविवारी सकाळी अंगणात मी अजूनही पट्टी काढते. गेल्या रविवारी ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं. मी म्हटलं, "नाना, बरोबर आहे." त्यांनी तरीही माझ्या हातातून पट्टी घेतली आणि नाकाशी धरली.