घरचा मल्टिमीटर आणि भरवशाचे शून्य

घरात मल्टिमीटर कशासाठी लागतो याचा विचार करताना सेलमध्ये किती दम उरला आहे, चार्जर खरोखर ५ व्होल्ट देतो का, असे प्रश्न आधी डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते मात्र घरच्या मीटरवर दिसणारा सर्वांत महत्त्वाचा आकडा शून्य हा आहे. स्विचबोर्ड उघडल्यावर, पुरवठा बंद केल्यावर, तारांना प्रोब लावले की पडद्यावर शून्य उमटते आणि त्या शून्यावर विसंबून आपण ती तार बोटांनी धरतो. बाकीचे आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी काम अडत नाही, पण हे शून्य चुकून चालत नाही. मध्यम किमतीच्या मीटरांची तुलना करताना मी हीच कसोटी लावली आणि ती लावल्यावर जाहिरातींतली बरीचशी वैशिष्ट्ये आपोआप मागे पडली.

ही कसोटी मला एका प्रसंगाने शिकवली. तेव्हा माझ्याकडे एक अगदी स्वस्त मीटर होता. एक सॉकेट बदलायचे होते म्हणून मी बोर्डावरचा एमसीबी खाली पाडला, सॉकेटमध्ये प्रोब घातले आणि मीटरने शून्य दाखवले. स्क्रू सोडवण्याआधी, केवळ सवय म्हणून, तेच प्रोब मी शेजारच्या खोलीतल्या चालू सॉकेटमध्ये घालून पाहिले, तर तिथेही शून्यच. काळ्या लीडमधली, म्हणजे प्रोबला मीटरशी जोडणाऱ्या वायरमधली, तांब्याची तार प्लगच्या मुळाशी आतल्या आत तुटली होती. लीड एका बाजूला वाकवली की जोड जुळत असे आणि सरळ केली की सुटत असे. लीड वाकवून धरल्यावर कळले की ज्या सॉकेटला मी हात घालणार होते ते चालूच होते, कारण मी भलताच एमसीबी पाडला होता. तेव्हापासून कोणताही मीटर पाहताना मी आधी त्याच्या लीड्स हातात घेते आणि मग पडद्याकडे बघते.

चांगल्या लीडची तार मऊ असते आणि गुंडाळून ठेवली तरी तिला कायमचे वळण पडत नाही. सिलिकॉनचे आवरण असेल तर थंडीतही ती ताठरत नाही. जिथे ती प्लगमध्ये आणि प्रोबच्या मुठीत शिरते तिथे रबरी आधार हवा, कारण तार तुटते ती जवळजवळ नेहमी याच दोन जागी. मीटरमध्ये खोचायच्या प्लगवर धातू उघडा दिसता कामा नये, आणि प्रोबच्या टोकांना बसणारी टोपणे सोबत हवीत. ती लावली की जेमतेम ४ मिलिमीटर धातू बाहेर राहतो आणि दोन पट्ट्यांना एकदम टेकून ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. लीड्सवरही स्वतंत्र सुरक्षा-श्रेणी छापलेली असते. मीटर वरच्या श्रेणीचा आणि लीड्स खालच्या श्रेणीच्या असतील, तर संपूर्ण जोडी खालच्या श्रेणीचीच समजायची. लीड तपासणे सोपे आहे: मीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोके एकमेकांना घट्ट टेकवावीत आणि लीड्स मुळाशी हलवून पाहाव्यात. आकडा अर्ध्या ओहमच्या आत राहिला आणि हलवताना उड्या मारत नसेल, तर लीड्स ठीक आहेत.

लीड्स उत्तम असल्या तरी शून्य एकदाच पाहून भागत नाही. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी मीटर लावून पाहावा, मग जिथे काम करायचे आहे तिथे, आणि पुन्हा एकदा त्या चालू ठिकाणी. मधल्या वेळात सेल उतरला, प्रोब निसटला किंवा चकती चुकून डीसीवर राहिली, तर ही तिसरी पायरी ते पकडते. चकतीची चूक फार सहज होते, कारण घरातल्या एसी पुरवठ्यावर डीसी रेंज लावली की मीटर शून्याच्या आसपासचाच आकडा दाखवतो, आणि तो अगदी खऱ्या शून्यासारखा दिसतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. एखादी तार दोन्ही टोकांनी सोडवलेली असते, तरीही मीटर तिच्यावर ४० किंवा ६० व्होल्ट दाखवतो. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध व्होल्टच्या रेंजवर साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या चालू तारेमुळे या मोकळ्या तारेत जे क्षीण व्होल्टेज उमटते, तेही त्याला मोजता येते. काही मीटरांत यासाठी लो-झेड नावाची सोय असते. तिच्यात मीटर मुद्दाम काही किलोओहमचा भार लावतो आणि असे आभासी व्होल्टेज कोसळून खरा आकडा समोर येतो. फ्लूक कंपनीच्या ११७ या मीटरमध्ये ही सोय आहे. तार न उघडता, नुसते टोक जवळ नेऊन वीज ओळखण्याची सोय मात्र मी वेगळ्या तराजूत तोलते. तिने दिवा लावला तर वीज आहे असे धरून चालावे, पण दिवा लागला नाही म्हणून वीज नाही असे कधीही समजू नये. अर्थ केलेल्या धातूच्या नळीतली किंवा कवच असलेली चालू तार तिला दिसतच नाही.

आता कॅट (कॅटेगरी, म्हणजे सुरक्षा-श्रेणी) या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मध्यम किमतीच्या मीटरवर तो मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि त्याचा अर्थ फार थोडे जण बघतात. मोजमापाच्या उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६१०१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि कॅट २, ३ व ४ या श्रेणी त्यातूनच आल्या आहेत. सॉकेटला जोडलेली उपकरणे कॅट २ मध्ये येतात. भिंतीतली कायमची वायरिंग आणि वितरण बोर्ड कॅट ३ मध्ये. आणि जिथून पुरवठा इमारतीत येतो ती जागा, म्हणजे वीजमीटर व बाहेरच्या तारा, कॅट ४ मध्ये. यामागचे कारण असे की वीज पडल्याने किंवा मोठी यंत्रे बंद-चालू झाल्याने तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो आणि उगमाच्या जितके जवळ जावे तितका तो जास्त प्रवाह ओतू शकतो. कॅट ३, ६०० व्होल्टचा मीटर ६००० व्होल्टच्या झटक्याला तपासला जातो. कॅट २, १००० व्होल्टच्या मीटरची चाचणीही ६००० व्होल्टलाच होते, आणि छापलेला १००० चा आकडा पाहून तोच भारी वाटतो. परंतु कॅट २ च्या चाचणीत स्रोताचा रोध १२ ओहम धरतात आणि कॅट ३ मध्ये २ ओहम. म्हणजे पहिल्या चाचणीत ५०० अँपिअरचा झटका असतो, तर दुसरीत ३००० अँपिअरचा. घरच्या बोर्डावर काम करणाऱ्याने कॅट ३, ६०० व्होल्ट ही किमान पायरी मानावी असे माझे ठाम मत आहे.

अर्थात छापणे आणि सिद्ध करणे यांत अंतर आहे. सीई हे युरोपीय नियमांशी अनुरूपता सांगणारे चिन्ह बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच्याच घोषणेवर लावतो. यूएल, सीएसए, टीयूव्ही किंवा इंटरटेक यांचे चिन्ह असेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेने ते मॉडेल तपासलेले असते. मीटरच्या आतले फोटो मिळाले तर ते जरूर पाहावेत: प्रोब जिथे खोचतात तिथून आत आल्यावर झटका गिळणाऱ्या व्हेरिस्टरच्या चकत्या आणि पीटीसी (तापल्यावर रोध वाढवून प्रवाह अडवणारा भाग) दिसतात का, अंतर वाढवण्यासाठी सर्किट बोर्डात खाचा पाडल्या आहेत का, आणि फ्यूज कोणता आहे.

हा फ्यूज म्हणजे मीटरच्या निवडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मीटरच्या हातून होणारा मोठा अपघात बहुधा एकाच चुकीतून घडतो. कधीतरी प्रवाह मोजण्यासाठी लाल लीड १० अँपिअरच्या छिद्रात घातलेली असते, ती तिथेच राहते, आणि पुढच्या वेळी तोच मीटर व्होल्टेज मोजायला सॉकेटला लावला जातो. प्रवाहाच्या मार्गाचा रोध जवळपास शून्य असल्यामुळे आपण प्रत्यक्षात सॉकेट शॉर्ट करतो. अशा वेळी २५० व्होल्टचा छोटा काचेचा फ्यूज वितळला तरी त्याच्या आत ठिणगीचा पूल बांधला जाऊन प्रवाह चालूच राहू शकतो, आणि काच फुटते. उच्च-विच्छेदन क्षमतेच्या, म्हणजे फार मोठा प्रवाहही सुरक्षितपणे तोडणाऱ्या, फ्यूजचे शरीर सिरॅमिकचे असते, आत वाळू भरलेली असते आणि ती वाळू ठिणगी विझवते. चांगल्या मीटरमधला असा फ्यूज साधारण १० मिलिमीटर जाड आणि ३८ मिलिमीटर लांब असतो. अगदी स्वस्त पिवळ्या मीटरांपैकी अनेकांच्या १० अँपिअरच्या छिद्राशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असे चक्क लिहिलेले असते, आणि ते वाचून मीटर खाली ठेवावा.

यावर मला सुचलेला मार्ग थोडा वेगळा आहे: घरच्या मीटरमध्ये प्रवाहाची रेंजच नसली तर बरे. छिद्रे दोनच असली की चुकीच्या छिद्रात लीड जाण्याचा प्रश्नच संपतो. घरात एसी प्रवाह मोजण्याची वेळ क्वचित येते, आणि आली तर त्या कामाला क्लॅम्प मीटर अधिक योग्य, कारण त्यासाठी तार तोडावी लागत नाही. फक्त जबड्यात एकच तार घ्यावी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात आणि पुन्हा एक फसवे शून्य दिसते. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्यांना मिलिअँपिअरची रेंज हवी असते हे मला मान्य आहे. त्यांनी फ्यूजची चौकशी करूनच मीटर घ्यावा.

काउंट (पडद्यावर एका रेंजमध्ये किती पायऱ्यांपर्यंत आकडा दिसू शकतो ती संख्या) आणि अचूकता यांवर लोक फार वेळ घालवतात, पण घरच्या वापरात त्यांचे काम मर्यादित आहे. २००० काउंटच्या मीटरवर २३० व्होल्टचा पुरवठा मोजला तर पूर्ण व्होल्टच दिसतात. ६००० काउंटच्या मीटरवर २३०.० असे दिसते. १२ व्होल्टची बॅटरी मात्र दोन्हींवर १२.६० अशीच दिसेल, म्हणजे जास्त काउंटचा फायदा सरसकट नसतो, आकडा कुठे पडतो त्यावर तो ठरतो. शिवाय दिसणारा शेवटचा अंक खरा असेलच असे नाही. मीटरची अचूकता ०.५ टक्के अधिक ३ अंक (म्हणजे शेवटच्या स्थानाचे तीन) असेल, तर २३०.० या वाचनात १.१५ आणि ०.३ मिळून सुमारे दीड व्होल्टची चूक संभवते. घरासाठी ती पुरेशी चांगली आहे. ट्रू आरएमएसचे, म्हणजे कोणत्याही आकाराच्या तरंगाचे खरे परिणामी मूल्य मोजण्याच्या सोयीचेही असेच. डिमर किंवा इन्व्हर्टरचा वेडावाकडा तरंग मोजायचा असेल तर ते हवेच, कारण साधा मीटर तरंग साइन आकाराचा आहे असे गृहीत धरतो आणि चौकोनी तरंगावर सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो. पण भिंतीतल्या सॉकेटचे व्होल्टेज त्या आकाराच्या इतके जवळ असते की तिथे दोघांत फरक पडत नाही.

रोजच्या कामात खरा आनंद देते ती कंटिन्यूटीची शिट्टी. प्रोब टेकताक्षणी ती वाजली पाहिजे आणि टेकलेले असेपर्यंत न खरखरता वाजत राहिली पाहिजे. रेंज आपोआप निवडणारा मीटर घ्यावा, म्हणजे चुकीच्या रेंजचा आणखी एक गोंधळ टळतो. कपॅसिटन्स मोजता आला तर मोटरचा कपॅसिटर थकला आहे का ते कळते. तो आधी डिस्चार्ज करावा, नाहीतर मीटरचेच नुकसान होते. सेल उतरल्याची खूण पडद्यावर ठळक दिसायला हवी, कारण उतरत्या सेलवर काही मीटर चुकीचे आकडे मोठ्या थाटात दाखवत राहतात.

हे सगळे तोलून मी फ्लूक १०१ घेतला. त्यात प्रवाहाची रेंज नाही, ६००० काउंट आहेत, श्रेणी कॅट ३, ६०० व्होल्ट आहे आणि तो दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. त्यात ट्रू आरएमएस नाही, पडद्यामागे उजेड नाही आणि लो-झेडही नाही. उजेडाची उणीव मला अंधाऱ्या कोपऱ्यात जाणवते. आभासी व्होल्टेजची शंका आली की मी भार लावणारा दोन प्रोबांचा वेगळा टेस्टर वापरते. ज्यांना प्रवाहही मोजायचा आहे त्यांनी ब्रायमनचे मीटर पाहावेत. सिरॅमिक फ्यूजच्या बाबतीत ती कंपनी काटकसर करत नाही.

मीटर घरी आला त्या दिवशी मी १ टक्का अचूकतेचा १ किलोओहमचा एक रेझिस्टर मोजला आणि आलेला आकडा, ०.९९८, कागदाच्या पट्टीवर लिहून ती मीटरच्या पाठीवर चिकटवली. तो रेझिस्टर लीड्सच्याच पिशवीत असतो आणि दर सहा महिन्यांनी मी तो पुन्हा मोजते. गेल्या खेपेला मोजला तेव्हाही ०.९९८ च आले.