तीन कोड, एक वायर

फोन आला तेव्हा मी मलकापुरात चहाला थांबलो होतो. "दादा, ऑइल प्रेशरचा सेन्सर नवीन टाकला तरी परत तोच कोड येतोय. आता कॉम्प्युटर बदला म्हणतायत." कोड म्हणजे डिस्प्लेवर येणारा बिघाडाचा नंबर. कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम, इंजिनावर ताबा ठेवणारा डबा, आणि त्याचं बिल लाखांत जातं. फोन करणाऱ्या मालकांची ही एकच मशीन. वीस टनी पोकलेन, बकेटच्या जागी ब्रेकर म्हणजे खडक फोडायचा हातोडा लावून रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याच्या रुंदीकरणावर डोंगर फोडत होती. दोन दिवस उभी होती. भाडं तासावर मिळतं, बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जातोच.

"कोड पुसू नका, मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका," एवढं सांगितलं आणि पावसातच आंबा घाट उतरायला लागलो.

साखरप्याच्या अलीकडे साइटवर पोचलो तेव्हा कोड पुसून झालेले होते. पहिल्या मेकॅनिकनेच पुसले होते. मला याचा खरोखर त्रास होतो. कोडबरोबर तो किती वेळा आला आणि इंजिनाच्या कितव्या तासाला आला, हेही साठवलेलं असतं. ते पुसणं म्हणजे पेशंटचे जुने रिपोर्ट फाडून मग डॉक्टरला बोलावणं. मी डिस्प्लेवर काहीही दिसलं तरी आधी मोबाइलवर फोटो काढतो आणि वहीत लिहितो. पुसायचं ते दुरुस्ती झाल्यावर.

मग ऑपरेटरला विचारलं. बिहारकडचा मुलगा, याच मशीनवर दोन वर्षं. तो म्हणाला, "ब्रेकर चलता है तभी आता है. बकेट में कभी नहीं आया." निम्मं काम त्या एका वाक्यात झालं. त्याला तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. आधीच्या मेकॅनिकने मशीन जागेवर मंद चालवून बघितली, कोड आला नाही, म्हणून निघून गेला.

ब्रेकर दहा मिनिटं चालवायला लावला. तीन कोड एकदम आले आणि इंजिनाची ताकद उतरली. ३५०९-४, १००-४, १०२-४.

हे आकडे कसे वाचायचे ते सांगतो, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. पहिला आकडा एसपीएन, म्हणजे गोष्ट कोणती. १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधलं, इंजिनात शिरणाऱ्या हवेचं प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान. मशीन कुठल्याही कंपनीची असो, जे१९३९ ही इंजिनाच्या कॉम्प्युटरची सामाईक भाषा वापरत असेल तर हे नंबर तेच राहतात. दुसरा आकडा एफएमआय, म्हणजे काय झालं. लोक पहिला आकडा बघतात, ऑइल प्रेशर दिसलं की ऑइल प्रेशरचा सेन्सर मागवतात. दुसऱ्याकडे बघतच नाहीत. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. दोन्ही तक्रारी विजेच्या. ईसीएम एवढंच सांगतोय की वायरवरून मला जे व्होल्टेज दिसतंय ते शक्य कोटीतलं नाही. सेन्सर खराब आहे, असं तो कुठेही म्हणत नाही.

एफएमआय ० आणि १ या मात्र वेगळ्या जातीच्या तक्रारी. ११०-० आला तर वायरिंग ठीक आहे, सेन्सर बोलतोय, आणि तो सांगतोय की इंजिन खरंच तापलंय. कराडजवळच्या एका क्रशरवर मी असा लोडर बघितला. ११०-० सारखा येतो म्हणून कोणीतरी सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरची जोडणी, काढून तिथे एक रेझिस्टर जोडून दिला होता. तापमानाचा सेन्सर दोन वायरचा असतो, तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. ठरावीक रेझिस्टर लावला की ईसीएमला कायम ऐंशीच्या आसपास तापमान दिसत राहतं. कोड गेला, रेडिएटरमधली धूळ तशीच राहिली. आठवड्याभरात इंजिनाचं हेड गेलं. तो रेझिस्टर मी अजून टूलबॉक्समध्ये ठेवलाय, नवीन पोरांना दाखवायला.

साखरप्याला तीन कोडांत ३५०९ होता, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. ३५०९ म्हणजे सेन्सरना ईसीएम जो ५ व्होल्टचा सप्लाय देतो तो. प्रेशरच्या सेन्सरला तीन वायर असतात. ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. ५ व्होल्टची लाइन बऱ्याचदा दोन-तीन सेन्सरमध्ये मिळून एकच असते. ती कुठे बॉडीला टेकली, की तिच्यावरचे सगळे सेन्सर एकदम आंधळे होतात आणि प्रत्येकाच्या नावाने ४ येतो. एका वेळी दोन सेन्सर मरायला काही कारण नव्हतं.

आता दोनच शक्यता. एखादा सेन्सर आतून शॉर्ट होऊन लाइन खाली ओढतोय, किंवा वायर कुठेतरी घासलीय. चावी ऑन, इंजिन बंद. ऑइल प्रेशरचा कपलर काढून हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, बाजूला मीटर लावला. ५.०. हेल्परला म्हटलं, "आता ईसीएमपासून हार्नेस धरून हलवत हलवत ये, घाई करू नकोस." पोरगं इंजिनावर आडवं पडून वीतभर वीतभर सरकत होतं, वरून ताडपत्रीतून पाणी ठिबकत होतं. ५.०, ५.०, ५.०. स्टार्टरच्या वरच्या क्लॅम्पपाशी हात गेला आणि आकडा ०.३ वर पडला. दुसरा सेन्सरही काढून ठेवला, परत हलवलं, परत ०.३. म्हणजे दोन्ही सेन्सर निर्दोष.

क्लॅम्प खोलला. आतलं रबर नव्हतं. मालकांना आठवलं, चार महिन्यांपूर्वी स्टार्टर उतरवला होता. परत बसवताना रबर राहिलं असणार. नुसती पत्र्याची कड वायरिंगला चावत होती. बकेटवर काम असताना वायर जेमतेम वाचायची. ब्रेकरच्या हादऱ्याने टेकायची. बाहेरचा पाइप फाटलेला, एका वायरचं कव्हर तीन-चार मिलिमीटर गेलेलं आणि तांबं हिरवं पडलेलं.

हिरवं तांबं कापून टाकलं, नवा तुकडा सोल्डर करून जोडला, हीट श्रिंक स्लीव्ह चढवली, पाइप बदलला, क्लॅम्पला रबर घातलं आणि हार्नेस दोन बोटं बाजूला घेतला. अर्ध्या तासाचं काम. नुसती टेप गुंडाळून मी कधीच सोडत नाही. डिझेल आणि तेलाच्या वाफेने टेपचा डिंक सुटतो आणि पुढच्या पावसात तोच फोन परत येतो.

१ एप्रिल २०२१ पासून बांधकामाच्या चाकांच्या मशीनना सीईव्ही स्टेज चार हे धुराचे नियम लागू झाले, १ जानेवारी २०२५ पासून स्टेज पाच. धूर कमी झाला, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर सेन्सर वाढले, कपलर वाढले, मीटरभर वायर वाढली. ज्यांच्याकडे एकच मशीन आहे अशा मालकांना प्रत्येक वेळी अंदाजाने पार्ट बदलणं परवडत नाही, म्हणून मी हे इतकं खोलात लिहितोय. साधा मल्टिमीटर हजार-दोन हजारांत येतो. मालकांनी आपल्या ऑपरेटरला तेवढा घेऊन द्यावा आणि ५ व्होल्ट कसे मोजायचे ते शिकवावं.

ब्रेकर तासभर चालवला. कोड नाही. मग मालकांना म्हटलं, काढलेला जुना सेन्सर कुठाय? त्यांनी कॅबिनमधून आणला, फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तो परत बसवला, शेजारी ऑइल प्रेशरचा हाताचा गेज लावला, इंजिन गरम करून दोन्ही आकडे ताडून बघितले. जुळले. नवीन सेन्सर दुकानदार परत घेणार नव्हता, विजेचा पार्ट एकदा लावला की घेत नाहीत. म्हणून तोच पुसून त्याच फडक्यात गुंडाळला, वर तारीख आणि १०० असं मार्करने लिहिलं, आणि ऑपरेटरच्या सीटमागे ठेवून दिला.