लागलं होतं का?

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

आज पाच वर्षांनी पार्कात लढायला गेले. एससीए (सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम), म्हणजे चिलखत घालून वेताच्या तलवारींनी लढायचा आमचा मध्ययुगीन खेळ. घरी आले, गरम पाण्याने अंग शेकलं, वरणभात खाल्ला, पडले आणि पुन्हा उठून बसले आहे. खांद्यामुळे नाही. खांदा दुखणार हे धरूनच गेले होते.

तिसऱ्या फेरीत माझ्या जुन्या सवंगड्याचा, आर.चा वार माझ्या हेल्मेटच्या डाव्या बाजूला बसला. ठण्ण वाजलं. मी "लाईट" म्हणाले, म्हणजे वार हलका, धरायचा नाही, आणि लढत राहिले.

तो काही बोलला नाही. एक पाऊल मागे सरला, ढाल नीट धरली, पुन्हा आला. मग मी त्याच्या मांडीवर मारलं. त्याने तत्काळ "गुड" म्हटलं, म्हणजे वार पोचला, आणि पाय गेला असं धरून गुडघ्यांवर बसला. बसल्याबसल्या त्याने दोन वार अडवले, तिसरा त्याच्या डोक्यावर पडला. पुन्हा "गुड". कडेला उभ्या असलेल्यांनी ढाली बडवल्या. इतक्या वर्षांनी आली आणि जिंकली, म्हणून. मीही हात वर केला.

घरी आल्यावर चिरंजीवांचा नेहमीचा प्रश्न, "आई, आज किती वेळा मेलीस?" त्याला आठवतंय हे, याचंच केवढं बरं वाटलं. चारदा, म्हणाले. आणि तेव्हापासून तो आकडा टोचतोय. पाच म्हणायला हवं होतं का?

आमच्यात पंच नसतो. मार्शल असतात, पण ते कुणाला इजा होऊ नये एवढंच बघतात. कुणाचा पट्टा सुटला की "होल्ड" ओरडतात. वार पोचला की नाही, हे ज्याच्या अंगावर आला त्यानेच सांगायचं. तेही अंगावरच्या खऱ्या पोलादाच्या हिशोबाने नाही. प्रत्येकाने धरून चालायचं की आपण जाड गॅम्बेसनवर, म्हणजे गादीसारख्या अंगरख्यावर, कड्यांचं चिलखत घातलंय, हातापायांवर उकळून कडक केलेलं चामडं आहे आणि डोक्यावर नाकापुढे पट्टी असलेलं, उघड्या तोंडाचं लोखंडी शिरस्त्राण. हातातला सव्वा इंच जाडीचा वेत ही खरी तलवार असती, तर या सगळ्यातून आत गेली असती का? पापणी लवायच्या आत ठरवायचं. पेनसिल्व्हेनियात भरणाऱ्या पेन्सिक मेळाव्यातल्या मोठ्या लढाईत एकेका बाजूला शेकडो लोक असतात. तिथेही मेलो हे ज्याचं त्याने ठरवून मैदानाबाहेर चालू लागायचं. हा सगळा खेळ इथून तासाभरावर, बर्कलीत, एका घराच्या मागच्या अंगणात सुरू झाला, १ मे १९६६ ला. महाराष्ट्र दिनाची तारीख म्हणून मला ती ऐकल्याबरोबर पाठ झाली होती. पण मला या खेळात ओढलं ते तारखेने नाही, या "गुड"ने. एवढा धिप्पाड माणूस माझ्या वाराला मान देऊन स्वतःहून खाली बसतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि आज मी "लाईट" म्हणाले.

सामान गेल्या शनिवारी काढलं. गॅरेजच्या कोपऱ्यातला खोका मार्च २०२० पासून उघडलाच नव्हता. कोपराच्या वाट्यांवर गंज, चामड्याचे पट्टे वाळून कडकडीत. आई पावसाळा लागला की विळीच्या पात्याला तेलाचं बोट फिरवून ठेवायची, आणि मी हजारो रुपयांचं लोखंड तसंच टाकून दिलं. तेल लावायला कितीसा वेळ लागला असता? सोमवारी रात्री काचकागदाने घासत बसले आणि एकदम रडू आलं. गॅम्बेसन छातीवर जुळेना. तो मी हाताने शिवला होता, गोधडीसारखे टाके घालून, बाबा इथे आले होते त्या हिवाळ्यात. सुईत दोरा ते ओवून द्यायचे. असो.

आज पार्कात बहुतेक सगळे नवे चेहरे. माझं ऑथरायझेशन, म्हणजे लढायचा परवाना, केव्हाच संपलेलं, त्यामुळे चिलखताची तपासणी पहिल्यापासून. मार्शलने हेल्मेटच्या जाळीत माप घालून बघितलं, गजांमधली फट एक इंचाच्या आतच हवी. मग हनुवटीचा पट्टा ओढून पाहिला. पाठीचा पट्टा मला स्वतःला लावता येईना. खांदा तेवढा मागे जातच नाही आता. विशीतली एक मुलगी न सांगता आली आणि बकल लावून गेली. निलगिरीखाली उभी राहून वाटलं, मी इथे कशाला आले?

तर परत त्या वाराकडे.

हेल्मेटमधला फोम दबून चपटा झालाय. म्हणजे तोच वार पूर्वीपेक्षा जास्त जाणवायला हवा. तेव्हा फोमवर ढकलता येत नाही. आवाज स्वच्छ होता. निसटता वार खरवडल्यासारखा वाजतो, हा तसा नव्हता. मान उजवीकडे गेली. दात एकमेकांवर आपटले, हे आत्ता लिहिताना आठवलं. मग तोंडातून "लाईट" कसं आलं? खोटं बोलायचं म्हणून नाही, हे शपथेवर सांगते. विचार करण्याआधीच शब्द बाहेर पडला होता.

साताऱ्याच्या घरी जिन्यावरून पडले की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "लागलं का गं?" आणि मी फ्रॉकने गुडघा पुसत म्हणायची, "नाही!" तिला काळजी नको म्हणून. २०२० च्या त्या एप्रिलमध्येही व्हिडिओ कॉलवर सगळे विचारत होते. विमानं बंद, जाणं शक्यच नव्हतं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. आईला तर रोज देत होते, अजूनही देते.

बाराला दहा. शेवटी आर.ला मेसेज केला : तिसऱ्या फेरीतला तो डोक्यावरचा, गुड होता ना?

वाटलं होतं, सकाळी बघेल. लगेच उत्तर आलं : तुला काय वाटतं?

राग आला क्षणभर. मग कळलं, त्याला दुसरं काही म्हणताच येणार नाही. वार माझ्या अंगावर आला होता. लिहिलं, गुड होता. मी मेले होते.

त्याने ढालीचं चित्र पाठवलं. वर लिहिलं : पुढच्या बुधवारी दहा मिनिटं लवकर ये.

कशाला ते मला माहीत आहे. मी नवी असतानाही त्यानेच करून घेतलं होतं. हेल्मेट घालून, हात खाली सोडून नुसतं उभं राहायचं. तो हलके, मध्यम, जोरात, कसेही दहा वार मारणार, आणि मी एकेकाला गुड की लाईट ते सांगत जायचं, वाराचा अंदाज पुन्हा बसेपर्यंत. या वेळी दहा पुरणार नाहीत. पंधरा, वीस लागतील. लागू देत. पाच वर्षांत गेलेलं एका बुधवारी परत येईल असं मी तरी का धरलं होतं?

चिरंजीव झोपलाय, त्याला सकाळी पाच सांगते.

पट्ट्यांना तेल लावून ठेवलंय, उद्यापर्यंत मऊ पडतील. हनुवटीच्या पट्ट्याला अजून एक भोक पाडायचंय. टोच्या ड्रॉवरमध्ये सापडला नाही, गॅरेजमध्येच असेल.