केळीच्या खोडात काय असते?

"सगळे शून्य, सगळे अनित्य असे मानून तुम्ही जगता कसे? उदास वाटत नाही का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुम्हीही विचारलेत म्हणून, व्याख्या बाजूला ठेवून, केळीच्या खोडाविषयी लिहितो.

संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातील फेणसुत्तात रूपाला (शरीराला) फेसाची, वेदनेला (सुखदुःखाच्या अनुभवाला) बुडबुड्याची आणि संस्कारांना (मनाच्या घडणाऱ्या प्रवृत्तींना) केळीच्या खोडाची उपमा दिली आहे. फेस आणि बुडबुडा लगेच पटतात. खोड मात्र मला सोलून पाहावे लागले. वाऱ्याने कलंडलेली, अजून न निसवलेली, म्हणजे फुलोरा न आलेली, एक केळ मी बुंध्यापासून हातभर उंचीवर कापली आणि एकेक सोपट उकलत गेलो. प्रत्येक सोपट म्हणजे एकेका पानाचाच खालचा, रुंद झालेला भाग. त्याच्या आत हवेच्या कप्प्यांची नाजूक जाळी, आणि बोटांना डाग पाडणारा चीक. शेवटी गुंडाळलेले फिकट कोवळे पान उरले. तेही उलगडले, आणि ज्याला मी इतका वेळ खोड म्हणत होतो ते वेगळे असे कुठे सापडलेच नाही.

पुढे एकदा निसवलेल्या केळीत पांढरा, भरीव दांडा निघाला तेव्हा उपमाच चुकली असे मला वाटले. मूळ पाली पाहिल्यावर खजील झालो, कारण तिथे खोडाला 'अकुक्कुकजात', म्हणजे आत फुलाचा दांडा न धरलेले, असे नेमके विशेषण आहे. सांगणाऱ्याने खोड स्वतः चिरून पाहिले असावे. शिवाय तो दांडाही कंदातून वर येतो, एकदाच घड देतो आणि खोडासकट वाळून जातो. शेजारी मुनवे, म्हणजे त्याच कंदाचे नवे कोंब, वाढत असतात.

म्हणून शून्यता म्हणजे काहीच नसणे, हा अर्थ मला मान्य नाही. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने आपल्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या २४व्या प्रकरणात प्रतीत्यसमुत्पादालाच, म्हणजे कारणांवर अवलंबून उद्भवण्यालाच, शून्यता म्हटले आहे. घडाचे ओझे पेलणारे खोड खोटे नसते. पानांनी एकमेकांना घट्ट लपेटून धरले आहे तोवर ते असते, एवढेच.

उदासीचे म्हणाल, तर त्या दिवशी सोललेल्या सोपटांचा ढीग पाहून थोडी वाटली होती, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जमिनीत उरलेल्या बुंध्याच्या सपाट कापावर, बरोबर मधोमध, कोवळ्या पानाची गुंडाळी बोटभर वर आलेली होती.